मातीतल्या खेळाचे मानकरी

(गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाने मला 'खेळ' या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा बहुतेकांना वाटले असेल की आज राहुल द्रविड ऐकायला मिळणार. आपल्या बंगळूरचा, मराठी घरातला मुलगा, त्यामुळे तसे वाटणे साहजिकच आहे. पण त्यांच्याविषयी मी नवीन काय सांगणार? ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. म्हणून ज्या मानकऱ्यांची नावे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतील, त्यांच्याविषयी बोलावे असे ठरवले आहे.

हे सुचायला एक निमित्त झाले. आपल्यातल्या एका कुटुंबाचा नातू अमेरिकेत बाल्टिमोरजवळ शिकतो. सुट्टीत आला तेव्हा त्याच्याकडे एक लांब दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला जाळीची झोळी. हा लॅक्रॉसचा दांडा. हा खेळ मूळचा तिथल्या आदिवासींचा. 1904 आणि 1908 च्या ऑलिंपिकमध्ये तो होता आणि आता 2028 मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा येतो आहे. मुलगा सांगत होता की मेरीलँडमध्ये या खेळाच्या मोठ्या खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकांच्या सन्मानाचे एक दालनच आहे. शाळेची मुले तिथे जाऊन ती नावे वाचतात. मी त्याला विचारले, "तुझ्या आजोबांच्या खेळातली पाच नावे सांग पाहू." त्याने आजोबांकडे पाहिले, आजोबांनी माझ्याकडे, आणि खरे सांगतो, मलाही दोनच आठवली.

आजोबांचा खेळ म्हणजे खो-खो. तेव्हा आज आपण खो-खोचे तसले एक दालन इथेच, मांडवात, तोंडी उभे करू.

खो-खोला नियमांत बसवले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, 1914 च्या सुमारास. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने ते काम पुढे नेले. 1955 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, 1959-60 मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार 1970 चा, गुजरातच्या सुधीर परब यांना. पुढच्याच वर्षी अचला देवरे. नंतर नीलिमा सरोळकर, श्रीरंग इनामदार, उषा नगरकर, हेमंत टाकळकर, सुषमा सरोळकर, वीणा परब, सुरेखा कुलकर्णी. आडनावे ऐका. यांतले काही महाराष्ट्राबाहेर वाढलेले, तुमच्या-आमच्यासारखेच. मराठी माणूस परगावी गेला की गणपती बसवतो आणि खो-खोची पाटी आखतो, असे मी गमतीने म्हणत असे. गणपती टिकला, पाटी मात्र बऱ्याच ठिकाणी पुसली गेली.

1998 मध्ये शोभा नारायण यांना अर्जुन मिळाला, आणि मग थेट 2020. मधली बावीस वर्षे या खेळातल्या एकाही खेळाडूला तो मिळाला नाही. या काळात खेळ काही बंद नव्हता. राष्ट्रीय स्पर्धा होत होत्या, मुले-मुली गुडघे फोडून घेत होती. पण वरच्या यादीत जागा नाही.

2020 चा पुरस्कार मिळाला सारिका काळेला. सारिका धाराशिवची, तेव्हाच्या उस्मानाबादची. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारशी कमाई करता येत नव्हती. आई शिवणकाम करायची, मुलगी आजी-आजोबांच्या आधारावर वाढली. तेराव्या वर्षाच्या आसपास मामांनी मैदानावर नेले. पुरस्कार जाहीर झाल्यावर तिने वर्तमानपत्रांना सांगितले की जवळजवळ दहा वर्षे घरी एकच वेळचे जेवण मिळत होते. शिबिराला गेले की पोटभर मिळायचे. ज्या खेळात पळती करणाऱ्याला प्रत्येक क्षणी अंग चोरून, हुलकावणी देऊन धावावे लागते, तो खेळ एका जेवणावर!

2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक मिळवले तेव्हा सारिका कर्णधार होती. आणि त्याच वर्षी पैशाच्या विवंचनेमुळे तिने खेळ सोडायचे ठरवले होते. घरात स्वतःला कोंडून घेतले. आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. त्यांनी समजूत घातली आणि मुलगी मैदानावर परत आली. नंतर ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. प्रशिक्षकाचे काम म्हणजे सूर मारायला शिकवणे, खुंटावर गडी कसा बाद करायचा ते दाखवणे, एवढेच आपण धरतो. बंद दाराबाहेर उभे राहून केलेल्या कामाची नोंद कोणत्या गुणपत्रकात होते?

प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार आहे, 1985 पासून. खो-खोसाठी तो 2000 साली गोपाळ पुरुषोत्तम फडके यांना मिळाला. यात एक गंमत पाहा. खो-खो महासंघाचा सर्वोत्तम पुरुष खेळाडूचा पुरस्कार एकलव्याच्या नावाने, महिलांचा राणी लक्ष्मीबाईंच्या. आपल्या कर्नाटक सरकारचा क्रीडा पुरस्कारही एकलव्याच्याच नावाने. म्हणजे गुरूला गौरवायचे द्रोणाचार्य म्हणून आणि शिष्याला एकलव्य म्हणून. ही नावे ठेवणाऱ्यांनी ती गोष्ट शेवटपर्यंत वाचली होती की नाही, देव जाणे. (हशा)

आता अलीकडचे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. वीसच्या आसपास देश आले. 19 जानेवारीला अंतिम सामने झाले. भारताच्या मुलींनी नेपाळला 78-40 असे हरवले, मुलांनी 54-36 असे. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वायकर. संघात सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यपही होता. आपल्या घरोघरी त्या रात्री टाळ्या पडल्या आणि "आपली मुले जिंकली" असे फोन झाले.

पण त्या संघांत दोघे कर्नाटकाचेही होते. गौतम एम. के. आणि चैत्रा. चैत्रा म्हैसूर जिल्ह्यातल्या कुरुबूरची, टी. नरसीपूर तालुक्यातली. त्यांच्यासाठी आपल्यापैकी किती जणांनी फोन केला? मीही केला नव्हता. महाराष्ट्र सरकारने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि सरकारी नोकरी जाहीर केली. कर्नाटक सरकारने या दोघांना प्रत्येकी पाच लाख जाहीर केले आणि त्यांनी ते नम्रपणे नाकारले. त्यांना तसे करण्याचा अधिकार होता असे मला वाटते. एकाच संघात, एकाच मैदानावर, एकाच चषकासाठी धावलेली ही मुले. एकाने दिलेला खो दुसऱ्याने घेतला. पाटीवर बसलेल्याला पाठीवर थाप पडल्याशिवाय उठता येत नाही, आणि थाप देणारा कोणत्या राज्याचा हे कोणी विचारत नाही.

आमच्या कचेरीतले एक कन्नड सहकारी मला त्या आठवड्यात म्हणाले, "तुमच्या मुलांना घर मिळाले, आमच्या मुलांना हार मिळाला." मी म्हणालो, "अहो, मी तीस वर्षे इथे राहतो. दोन्ही माझीच." ते हसले, पण मला ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिले. कारण दोन्ही माझीच म्हणणे सोपे असते. त्यासाठी मी काय केले होते?

म्हणून मंडळापुढे एक मागणी ठेवतो. पुढच्या वर्षी उत्सवाच्या खर्चातून सजावटीचे थोडे पैसे बाजूला काढा. या भागातल्या एखाद्या शाळेत जो शिक्षक संध्याकाळी पगाराशिवाय मुलांना खो-खो शिकवतो, त्याला याच व्यासपीठावर बोलवा. कन्नड असो, मराठी असो, तमिळ असो. शाल-श्रीफळ द्या, आणि त्याबरोबर त्याच्या मुलांसाठी गुडघ्याच्या पट्ट्या आणि आठवडाभराच्या केळ्यांचे पैसेही द्या. सारिकाची गोष्ट ऐकल्यावर केळी का, ते वेगळे सांगायला नको.

खर्च किती, ते खजिनदारांनी आत्ताच विचारले आहे. दोन खांब, फक्कीचे एक पोते आणि दोरी एवढे मी देतो. बाकीचा हिशेब आरती झाल्यावर बसून करू.

गणपती बाप्पा मोरया!