तत्त्वज्ञान आणि त्याचा इतिहास
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा सारांश)



काल पारायणातून उठताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला अडवले. म्हणाले, "गुरुजी, ओवीत ज्ञान आहे ना? मग ती केव्हा सांगितली, कोणी शुद्ध केली, या इतिहासाशी आम्हांला काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. पण आपण द्राक्षबागाईतदार. घड गोड लागला तरी खुंट कोणता, हे आपण विचारतोच.

ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशास झाली. ग्रंथाच्या अखेरीस माउली आपली परंपरा सांगतात : आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्तिनाथ. निवृत्तिनाथांची समाधी तर आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी आहे. भाष्यकारांचा आधार घेतल्याचेही माउली मोकळेपणी सांगतात. आणि तेच अमृतानुभवात अज्ञानवादाचे खंडन करतात. जग हा चैतन्याचाच विलास, असे मांडतात. आधीचे मत ठाऊक नसेल तर हे उत्तर कोणाला दिले, तेच उमगत नाही. भांडणाची एकच बाजू ऐकल्यासारखे होते.

पुढे नकला करता करता पाठ बिघडले. २९४ वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथमहाराजांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. आळंदीस अजानवृक्षाची मुळी माउलींच्या गळ्याला लागली होती, ती नाथांनी काढली, ही आख्यायिका आपण ऐकतो. भिंतीत पिंपळाची मुळी शिरली की काय होते, हे ज्यांनी देवळाचे काम केले त्यांना सांगायला नको! मुळी काढायची आणि दगड हलू द्यायचा नाही.

१९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक जुनी पोथी छापली. ती नाथांच्या आधीची, असे त्यांचे मत. तिचे पाठ काही ठिकाणी वेगळे आहेत. माझ्या मते पारायणाला नाथांचीच प्रत असावी; पण ओवी अडली तर राजवाड्यांची उघडायला संकोच नको.

पंडितांनाही एक सांगतो. नुसती शके आणि पोथ्यांची यादी म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे. वंशावळ पाठ असलेला शेत कसतोच असे नाही. माउलींचे म्हणणे आपल्याला पटते का, हे ज्याचे त्यालाच पाहावे लागते.

नव्या मंदिरात ग्रंथांसाठी कपाट होणार आहे. त्यात दोन्ही प्रती ठेवाव्यात आणि एकादशीला कीर्तनानंतर एकच ओवी घेऊन तासभर बोलावे, अशी समितीला विनंती आहे. कालच्या त्या गृहस्थांनी पहिल्या बैठकीस यायचे कबूल केले आहे.

रामकृष्णहरी.