हरवलेल्या नांवांचा शोध

(महोत्सवाच्या सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव आला म्हणजे हिशेब मांडण्याची आपली रीत आहे. देवळाच्या बांधणीस कोणीं हातभार लाविला, घंटा कोणीं दिली, वेदी कोणीं घडविली, हें सर्व आपण अशा वेळीं कृतज्ञतेनें आठवितों, आणि तें योग्यच आहे. परंतु आज आम्हांस अशा एका कामाविषयीं बोलावयाचें आहे कीं, ज्याची कोठें संगमरवरी पाटी लागलेली नाहीं, आणि ज्याचा लाभ बहुधा आपल्या धर्मग्रामाबाहेरील माणसांसच होतो. दर शनिवारीं दुपारीं कचेरीच्या मागील खोलींत आपल्यांतील चारपांच मंडळी एका मेजाभोंवतीं बसतात. एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक गृहस्थ रेल्वेच्या नोकरींतून मोकळे झालेले आहेत, दोघे महाविद्यालयांत शिकणारे तरुण आहेत. कोणी अनोळखी मनुष्य आपल्या आजापणजांचा माग काढीत येतो, किंवा दूरदेशाहून त्याचें पत्र येतें; आणि ही मंडळी त्यास वाट दाखवितात. त्याबद्दल ते पैसा घेत नाहींत, आणि आपलें नांव सांगूं नये असें त्यांनीं आम्हांस बजाविलें आहे.

हें काम आम्हांस एवढें मोलाचें कां वाटतें, तें सांगण्यापूर्वीं आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आम्ही नवदीक्षित असतां दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक होतों. एका रविवारीं मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ दाराशीं आले. त्यांस आपल्या आजीच्या बाप्तिस्म्याची नोंद पाहावयाची होती. तिच्या बापाचें नांव बस्त्याव, आणि घराजवळ विहिरीपाशीं एक क्रूस होता, एवढीच माहिती त्यांजपाशीं होती. आम्हीं साल विचारलें; तें त्यांस ठाऊक नव्हतें. "साल घेऊन या, मग पाहूं," असें म्हणून आम्हीं त्यांस वाटेला लाविलें. त्यांनीं हात जोडिले व ते गेले. पुढें कांहीं महिन्यांनीं दुसऱ्याच कामासाठीं जुनी वही चाळीत असतां बस्त्यावाच्या मुलीची ती नोंद आमच्या नजरेस पडली. शोधावयास तास दीड तास पुरला असता. परंतु त्या गृहस्थांचा पत्ता आम्हीं लिहून घेतला नव्हता, आणि ते पुन्हां आले नाहींत. नोंद सांपडली, माणूस हरवला. तो दिवस आम्ही विसरलों नाहीं.

आतां या वह्या आल्या कोठून, तें पाहूं. ट्रेंट येथील धर्मसभेनें सन १५६३ मध्यें असा नियम केला कीं, प्रत्येक धर्मगुरूनें विवाहांची वही ठेवावी, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें लिहून घ्यावीं. सन १६१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या रोमन विधिग्रंथानें पांच प्रकारच्या वह्या सांगितल्या: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु आणि घरोघरच्या माणसांची गणती. पुढें सन १९०७ चा विवाहविषयक हुकूम सन १९०८ च्या ईस्टरपासून अंमलांत आला. त्यानें असें ठरविलें कीं, एखाद्याचा विवाह कोठेंही होवो, त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं व्हावी. समासांतील ही एक ओळ शोधणाऱ्यास पुलाप्रमाणें उपयोगी पडते. मुलुंडास बसून मनुष्य कोणत्या गांवीं संसारास लागला तें तिजवरून कळतें. सन १९८३ च्या धर्मविधिसंहितेंतही जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्या अशी आज्ञा आहे. सारांश, गरीब कोळ्याचें मूल असो कीं जमीनदाराचें, दोघांच्याही नांवास सारख्याच ओळी मिळाव्या, ही व्यवस्था आपल्या ख्रिस्तसभेनें सरकारी जन्ममृत्यूच्या कचेऱ्या निघण्याच्या कितीतरी आधीं केली होती.

तथापि आपल्या साष्टी बेटांतील वाट सरळ नाहीं. वसईचा मुलूख सन १५३४ मध्यें पोर्तुगीजांकडे आला. सन १७३७ मध्यें ठाणें व सन १७३९ मध्यें वसई मराठ्यांनीं घेतली. सन १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी हस्तगत केली. राज्यें बदललीं, तशीं देवळेंही कांहीं उजाड झालीं, कांहीं नव्यानें उभीं राहिलीं. अंधेरीकडील कोंदिविट्याचें सेंट जॉनचें देऊळ पाहा. सन १५७९ मध्यें बांधिलेलें तें देऊळ सन १८४० मध्यें रोगाच्या सांथीमुळें सोडावें लागलें, आणि तेथील मंडळी मरोळास गेली. आज कोणी त्या पडक्या भिंतींपाशीं आपल्या पूर्वजांचा शोध करूं लागला, तर त्याची चौकशी मरोळच्या देवळापासून सुरू झाली पाहिजे. त्यांत आणखी गुंतागुंत अशी कीं, सन १७९४ पासून सन १९२८ पर्यंत मुंबईंत दोन धर्माधिकार शेजारीं शेजारीं नांदत होते. कांहीं देवळें पोर्तुगालच्या राजाश्रयाखालील महागुरूंकडे, तर कांहीं रोमनें नेमिलेल्या महागुरूंकडे असत. म्हणून एकाच गांवच्या दोन भावांचीं नांवें दोन निरनिराळ्या देवळांत सांपडलीं, तर आश्चर्य मानूं नये. अलीकडे सन १९९८ मध्यें वसईचा धर्मप्रांत मुंबईहून वेगळा झाला, हेंही पत्र लिहिणाऱ्यास सांगावें लागतें.

आपलें मुलुंड हें तर मुख्यतः बाहेरून येऊन वसलेल्यांचें. सन १८५३ च्या एप्रिल महिन्यांत बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती याच वाटेनें. आणि त्या रुळांच्या दोहों बाजूंस पुढें वस्ती वाढली. गव्हाणपाड्याची व मिठागरांकडील जुनी वस्ती सोडली, तर आपल्यांतील बहुतेकांचीं मुळें अन्यत्र आहेत: कोणाचीं वसईस, कोणाचीं गोव्यास, कोणाचीं मंगळुरास, कोणाचीं नगर जिल्ह्यांतील खेड्यांत. आपल्या देवळाच्या वह्या अलीकडच्या आहेत. पणज्याचें नांव त्यांत मिळावयाचें नाहीं. म्हणूनच आपल्या मंडळींचें काम नोंद शोधण्यापेक्षां वाट शोधण्याचें अधिक आहे. जो स्वतः परगांवाहून आला, त्यास वाट चुकलेल्याची अडचण लवकर समजते.

या कामांत विद्या लागते, आणि त्याहून अधिक धीर लागतो. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिन भाषेंत असतात. घरीं ज्यास जुजे म्हणत, तो वहींत जोसेफुस असतो. इनास हा इग्नातियुस होतो. आडनांवावर तर मुळींच विसंबूं नये. पूर्वीं बाप्तिस्मा घेणारास बहुधा धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव मिळे. यामुळें एकाच पाखाडींतील दोन परेरा रक्ताचे नातलग असतीलच असें नाहीं, आणि एक डिसोझा व एक मिरांडा मूळचे चुलतभाऊ असूं शकतील. एकदां आपल्या तरुणांनीं एका कुटुंबास कळविलें कीं, तुमच्या पणज्याचा बाप्तिस्मा जुलै महिन्यांत झाला. उत्तर आलें, "आमच्या घरच्या प्रार्थनापुस्तकांत त्यांचा जन्म ऑगस्टांतला लिहिला आहे, जन्मापूर्वींच बाप्तिस्मा कसा?" पुन्हां पाहतां चूक कळली. जुने लेखक सप्टेंबर लिहितांना साताचा आंकडा काढून पुढें 'ब्रिस' एवढींच अक्षरें लिहीत; कारण लॅटिन भाषेंत सप्तेम म्हणजे सात. त्याचप्रमाणें आठाच्या आंकड्यानें ऑक्टोबर, नवाच्यानें नोव्हेंबर आणि रोमन दहाच्या चिन्हानें डिसेंबर समजावा. आपल्या तरुणांनीं क्षमेचें पत्र धाडलें, आणि तें कोष्टक त्या खोलीच्या भिंतीवर चिकटविलें. आमच्या मतें तें क्षमापत्र हेंच त्यांच्या विद्येचें खरें प्रमाणपत्र होय.

असें काम करणारे आपणच आहों असें नाहीं. त्र्यंबकेश्वरीं व नाशिकास तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आले आहेत. तेथें गेलेल्या यात्रेकरूस आपल्या पूर्वजांचीं नांवें वाचावयास मिळतात. महाराष्ट्रांत कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले, ते गांवोगांव हिंडून माहिती जमविणाऱ्या हौशी मंडळींच्या श्रमानेंच. विलायतेंत सन १९९८ मध्यें 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' नांवाची संस्था निघाली. तिचे स्वयंसेवक हिंदुस्थानांतील जुन्या नोंदी उतरून काढून सर्वांस खुल्या करितात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत मुंबई इलाख्यांतून पाठविलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला सन १७०९ पासूनच्या आहेत, आणि आपल्या मंडळींनीं दोन वेळां आपल्या पत्रलेखकांस तिकडे धाडलें आहे.

परंतु दार उघडें ठेवणें म्हणजे कुलूपच काढून टाकणें नव्हे. सन १८९४ मध्यें स्थापन झालेल्या युटा येथील वंशावळ संस्थेनें सन १९३८ पासून जगभरच्या नोंदींचीं सूक्ष्मचित्रें घेण्याचें प्रचंड काम केलें आहे. तथापि सन २००८ मध्यें रोमहून सर्व महागुरूंस असें कळविण्यांत आलें कीं, धर्मग्रामांच्या वह्या त्या संस्थेस चित्रें घेण्यासाठीं देऊं नयेत. कारण त्या पंथांत मृतांच्या नांवें दुसऱ्यानें बाप्तिस्मा घेण्याची चाल आहे, आणि ती आपल्या श्रद्धेस मान्य नाहीं. यांत कोणाचा द्वेष नाहीं. ज्यांनीं आपलीं नांवें विश्वासानें आपल्या हवालीं केलीं, त्यांच्या विश्वासाचें हें रक्षण आहे. येथें येणाऱ्या व्यक्तीस, ती कोणत्याही पंथाची असो, तिच्या कुटुंबाच्या शोधांत आपण साहाय्य करितों; मात्र वही खोलीबाहेर जात नाहीं.

याहून कठीण प्रसंगही येतात. एक बाई परगांवाहून आपल्या दिवंगत वडिलांची नोंद पाहावयास दोन नातलगांसह आल्या. नोंद सांपडली, परंतु आईबापांच्या जागीं 'अज्ञात' असा शब्द होता. आपल्या मंडळींत मतभेद झाला. तरुण म्हणाले, सत्य आहे, सांगून टाकावें. शिक्षिकाबाई म्हणाल्या, सत्य सांगावें, पण चारचौघांत सांगूं नये. त्यांचेंच ऐकलें. बाईंस एकट्यांस आंत बोलाविलें, बसावयास खुर्ची दिली, पाणी दिलें, आणि मग नोंद दाखविली. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. नंतर धर्ममातेच्या नांवावर बोट ठेवून म्हणाल्या, "हिलाच बाबा आई म्हणत." आईबापांचीं नांवें वहींत नव्हतीं, परंतु ज्या स्त्रीनें त्या अर्भकास वेदीपाशीं हातांत धरलें, तिचें नांव होतें. धर्ममातेचें नांव लिहून घ्यावें असें ट्रेंटच्या पित्यांनीं सांगितलें, त्याचा अर्थ त्या दुपारीं आम्हांस नव्यानें कळला.

या अनुभवांवरून आपल्या मंडळींनीं स्वतःस कांहीं बंधनें घालून घेतलीं आहेत. जुनी वही धर्मगुरूसमक्षच उघडावी. हयात माणसाची नोंद त्याच्या संमतीवांचून दुसऱ्यास सांगूं नये. अनुमान असेल तेथें 'अनुमान' असेंच लिहावें. कळलेली गोष्ट खोलीबाहेर नेऊं नये. आणि येणाराचा पत्ता प्रथम लिहून घ्यावा. हें शेवटचें बंधन आमच्या आग्रहावरून घातलें आहे, आणि तें कां, हें आपणांस आतां ठाऊक आहे.

कोणी म्हणेल, मेलेल्यांचीं नांवें उकरून काय साधतें? शंका रास्त आहे. संत पौलानेंही तिमथीस अंतहीन वंशावळींच्या नादीं लागूं नये असें बजाविलें आहे. कुळाचा अभिमान मिरविण्यासाठीं कोणी शोध करील, तर तो व्यर्थ होय. एज्राच्या ग्रंथांत असे याजक आढळतात कीं, ज्यांस बंदिवासांतून परतल्यावर वंशावळींत आपलीं नांवें सांपडलीं नाहींत, आणि म्हणून ते सेवेबाहेर ठेविले गेले. नांव न सांपडणें म्हणजे काय, तें त्यांस विचारावें. उलट संत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीनें होतो. आणि तींत अब्राहाम व दावीद यांजबरोबर तामार, राहाब, मवाबांतून आलेली परकी रूथ व उरियाची स्त्री यांचीही आठवण आहे. प्रभूनें आपल्या वंशावळींतून ना परक्यास वगळलें, ना अडचणीचें पान फाडलें. मग आपल्या दाराशीं आलेल्या परक्यास त्याचें पान शोधून देणें, हें प्रभूच्याच रीतीस धरून नव्हे काय?

म्हणून या महोत्सवांत आम्ही आपणांपाशीं तीन गोष्टी मागतों. घरीं जुन्या तसबिरी असतील, त्यांच्या पाठीवर आजच नांवें, गांव व साल लिहून ठेवा. सांगणारीं माणसें फार दिवस राहत नाहींत. वडीलधारी मंडळी हयात आहेत तोंवर त्यांस गांवाचें, विहिरीचें, क्रूसाचें विचारून घ्या. आणि ज्यांस सवड असेल, त्यांनीं शनिवारीं दुपारीं त्या मागील खोलींत यावें. अक्षर लागत नसेल तर शिकवूं. धीर मात्र आपला आणावा.

ते वृद्ध गृहस्थ आतां या जगांत असण्याचा संभव थोडा. त्यांच्या आजीचें नांव आम्ही दर वर्षीं सर्व मृतांच्या दिवशीं मिस्सेंत घेतों. या वर्षीं तें आपण सर्वांनीं मिळून घ्यावें, अशी आमची विनंती आहे. ज्याच्या जीवनाच्या पुस्तकांत कोणाचेंही नांव सालावांचून हरवत नाहीं, तो परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.