परीक्षेला बसणारा माणूस



परीक्षेच्या विषयावर बोलावे म्हणून व्याख्यानमालेचे चालक माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी दहावीला नापास झालेला माणूस. या गावात पहिल्या वर्गात पास झालेली माणसे आळीआळीत आहेत. त्यांपैकी कोणाला तरी बोलवा." त्यावर चालक म्हणाले, "त्यांना पास होण्याचाच अनुभव आहे. तुम्हांला दोन्हींचा आहे." हे म्हणणे मला पटले, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे. माझा धंदा कामगार संघटनेचा. घोषणा देऊन घसा बसलेला आहे, तेव्हा आवाज गोड लागला नाही तर पेटीतला शेवटचा आंबा समजून गोड मानून घ्यावा.

प्रथम माझ्या नापास होण्याची हकीकत सांगतो. माझे वडील लालबागला गिरणीत होते. आम्ही आईबरोबर गावी. महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर येई आणि तिच्यावर घर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमची मनिऑर्डर थांबली ती थांबलीच. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. शाळा सुटली नाही, परंतु सकाळी मासळीला बर्फ घालायला जायचे आणि मग शाळेत, असा क्रम झाला. १९८६ साली दहावीला बसलो आणि गणित व इंग्रजी या दोन विषयांत गेलो.

गरिबीमुळे नापास झालो असे मी पुष्कळ वर्षे सांगत असे. ते खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. माझ्याबरोबर बर्फ घालणारा एक मुलगा पास झाला होता. माझी खरी चूक मला चार वर्षांनी कळली. मी अभ्यास करीत होतो तो डोळ्यांनी. कंदिलापुढे पुस्तक उघडायचे, धडा वाचायचा, पुन्हा वाचायचा, ओळीखाली रेघ मारायची. तिसऱ्या वाचनाला सगळे ओळखीचे वाटू लागे आणि मला वाटे, "आले!" ओळख असणे आणि येणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बाजारात शंभर माणसे आपल्या ओळखीची असतात. त्यांतल्या किती जणांचे नाव-गाव आपल्याला सांगता येते? परीक्षेत नेमके नाव-गावच विचारतात.

पुढे शेजारच्या वाडीतल्या एका निवृत्त गुरुजींनी मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. गुरुजींनी पहिल्याच दिवशी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतले आणि कोरा कागद दिला. म्हणाले, "काल वाचलेस ते लिही." मी तीन ओळी लिहिल्या आणि थांबलो. "आता पुस्तक उघड आणि तुझ्या कागदावर काय नाही ते बघ. तुझा अभ्यास तेवढाच." १९९० साली मी पास झालो. गुण सांगत नाही. ते सांगण्यासारखे नाहीत. पण तो कोरा कागद मी अजून सोडलेला नाही. मालकांशी बोलणी करायला जाण्याच्या आदल्या रात्री आजही मी मागण्यांचा मसुदा मिटून ठेवतो आणि सारे मुद्दे आठवणीने लिहून काढतो.

गुरुजींची ही युक्ती आता शास्त्रज्ञांनीही पारखून पाहिली आहे. रोडिगर व कार्पिके या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळच्या अभ्यासात पुन:पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका वेळच्या अभ्यासात वाचला आणि उरलेल्या तीन वेळांना न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना शंभरांतले चाळीस आठवले आणि लिहिणाऱ्यांना एकसष्ट. वाचणाऱ्याला पाच मिनिटांपुरता जो विश्वास वाटतो, तोच त्याचा घात करतो. आपल्याकडची परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही. ती मार्चात होते आणि धडा जुलैत झालेला असतो.

दुसरी गोष्ट वेळेच्या वाटणीची. एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने स्वत:वरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले की, शिकलेले सर्वांत जास्त विसरते ते पहिल्या काही तासांत व दिवसांत; आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तीच मेहनत दिवसादिवसांत वाटली तर ती अधिक टिकते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कलमाला आठवड्याचे पाणी एकाच दिवशी ओतले तर ते वाहून जाते. धडा आज वाचला, उद्या आठवून लिहिला, आठवड्याने लिहिला, महिन्याने लिहिला, तर चारही वेळचे मिळून दोन तास पुरतात. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच धड्याला सहा तास दिले तरी ते पुरे पडत नाहीत, वर झोप जाते ती निराळीच.

तिसरी गोष्ट मला एका कामगाराने शिकविली. एका कारखान्यात बॉयलरवर काम करणारा आमचा एक सभासद होता. पंधरा वर्षे बॉयलर सांभाळलेला, नुसत्या आवाजावरून वाफेचा दाब सांगणारा. पण त्याच्यापाशी बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून पगार मदतनिसाचा. आम्ही त्याला परीक्षेला बसविले. तोंडी परीक्षेत विचारले, "काचेतले पाणी दिसेनासे झाले तर काय कराल?" हा म्हणाला, "साहेब, अशी वेळ मी येऊच देत नाही." आणि गप्प बसला. नापास झाला.

तो रागाने माझ्याकडे आला. "भाऊ, पंधरा वर्षांत एकदाही पाणी खाली जाऊ दिले नाही, हे उत्तर चुकीचे कसे?" मी म्हटले, "उत्तर चुकीचे नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे. साहेबांनी तू काय करतोस ते विचारले नाही. तसे झाले तर काय करशील ते विचारले." त्याला ते येत नव्हते असे नाही. आधी जाळ बंद करायचा, तापलेल्या पत्र्यावर गार पाणी सोडायचे नाही, सोडले तर स्फोटाची भीती, हे त्याला झोपेतही ठाऊक होते. पण परीक्षक आपल्या मनात डोकावू शकत नाही. आपण जे बोललो, जे लिहिले, तेवढेच त्याच्यापुढे असते. मग महिनाभर रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर आम्ही त्याला प्रश्न विचारले, आणि प्रत्येक उत्तर पायरीपायरीने, मोठ्याने, सांगायला लावले. पुढच्या वेळी तो पास झाला. त्याचे ज्ञान वाढले नव्हते. ते दुसऱ्यापुढे मांडण्याची सवय झाली होती.

म्हणून मुलांना माझे सांगणे असे की, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, आणि त्या घड्याळ लावून सोडवा. दहावीची भाषेची प्रश्नपत्रिका ऐंशी गुणांची आणि तीन तासांची असते. गुणामागे दोन मिनिटे धरली तर एकशेसाठ मिनिटे होतात. वीस मिनिटे वाचायला आणि तपासायला उरतात. दोन गुणांच्या उत्तराला पाऊण पान भरणारा मुलगा शेवटच्या निबंधापाशी येतो तेव्हा घंटा होते. प्रश्नपत्रिका हातात आली की पेन खाली ठेवा आणि ती सबंध वाचा. "कारणे द्या", "फरक स्पष्ट करा", "थोडक्यात लिहा" यांतले काय सांगितले आहे त्याकडे पाहा. येणारे प्रश्न आधी लिहा. अडले तर तेथे जागा सोडून पुढे जा. पुढे लिहिता लिहिता मागचे आठवते. आणि पेपर देऊन बाहेर आल्यावर उत्तरे ताडून पाहू नका. झालेला पेपर हा आटोपलेला संप आहे. उद्याची तयारी करा.

आता घरच्या मंडळींशी दोन शब्द. मुलाला खोली नाही, टेबल नाही, असे पुष्कळ पालक ओशाळून सांगतात. ज्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण परळच्या चाळीतल्या एका खोलीत झाले. घर निजल्यावर मध्यरात्रीनंतर वडील त्यांना अभ्यासाला उठवीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. खोली एकच होती. पण त्या खोलीत मुलाच्या अभ्यासाची एक वेळ राखून ठेवलेली होती, आणि ती बापाने स्वत:ची झोप मोडून राखली होती. घरात जागा देता आली नाही तरी वेळ देता येतो. तेवढा वेळ दूरदर्शनचा संच आणि मोबाइल बंद ठेवणे कोणाही गरिबाला परवडते. बाबासाहेबांचे चरित्र लिहिणारे धनंजय कीर हे तर याच रत्नागिरीत जन्मलेले. कॉलेजची पदवी नसताना त्यांनी मोठमोठी चरित्रे लिहिली आणि १९७१ साली पद्मभूषण झाले. परीक्षा महत्त्वाची आहे, पण ती शिक्षणाचा शेवट नव्हे, हेही या गावाला ठाऊक असायला हवे.

आणि आता ज्यासाठी मी खरे म्हणजे आलो ते सांगतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, दहावीच्या निकालात आपण राज्यात पहिले येत आलो आहोत. २०२४ साली आपला निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२ टक्के. वर्तमानपत्रांत मथळे येतात, पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. पण मी नापास झालेला माणूस असल्यामुळे माझी नजर त्या उरलेल्या एका मुलाकडे जाते. १९८६ साली मी नापास झालो तेव्हा आमचा निम्मा वर्ग नापास झाला होता. आम्ही पाचसहा जण बंदरावर जाऊन बसलो, एकमेकांना शिव्या दिल्या, हसलो आणि अंधार पडल्यावर घरी गेलो. आये दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "आधी जेव." आज शंभरांत नव्याण्णव पास होतात तेव्हा त्या शंभराव्याला बंदरावर जायला सोबती नाही. साऱ्या वाडीत तो एकटा. निकाल जितका चांगला, तितका त्याचा एकटेपणा मोठा. त्या दिवशी त्याच्या दारात कोण उभे आहे आणि पहिला शब्द कोणता बोलते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. पूर्वी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. आता जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. दार लवकर उघडते. तोवर पोराला सांभाळणे हे आपले काम आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. पावसापाण्याच्या दिवसांत, सह्याद्री चढून, शंभराहून अधिक मैल पायी चालत ते परीक्षेसाठी साताऱ्याला गेले. वयाची अट सतरा वर्षांची होती. मुलगा अंगाने लहानखोर. तपासणाऱ्यांनी पाहिले आणि हा सतराचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही! तितकेच मैल चालून परत यायचे होते. त्या वाटेवर त्यांच्या मनात काय आले असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. तो मुलगा १८८१ साली मॅट्रिक झाला, तेविसाव्या वर्षी. १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाला, फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला, १९१६ साली त्याने महिलांचे विद्यापीठ काढले आणि १९५८ साली भारतरत्न झाला. साताऱ्याच्या त्या दारातून परत फिरलेला मुलगा पुढे हजारो मुलींसाठी परीक्षेचे दार उघडतो, यापेक्षा मोठा निकाल कोणता?

माझ्या संघटनेच्या कचेरीत परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी सहा ते आठ दोन बाके रिकामी ठेवलेली असतात. बंदरावरच्या कामकरी बायांची मुले तेथे येतात, आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी गड्यांचीही येतात. शिकवायला मी फारसा समर्थ नाही. मी त्यांना कोरा कागद देतो आणि म्हणतो, "काल वाचलेस ते लिही." आपल्यापैकी ज्यांना गणित-इंग्रजी चांगले येते, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर माझ्यासारख्याचे काम हलके होईल. चहा संघटनेचा.