तीन डॉक्टर आणि तीन बरण्या



संयोजकांनी मला 'आरोग्य' या विषयावर बोलण्याची विनंती केली होती. मधुमेह व रक्तदाब यांवर मी या मंचावरून अनेकदा बोललो आहे, आणि भाषण संपताच आपण सर्व मंडळी गुलाबजामांच्या टेबलाकडे किती तत्परतेने धाव घेता, हेही पाहिले आहे. म्हणून यंदा अध्यक्षांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. माझ्या विद्यार्थिदशेतील एका फजितीची हकीकत मी आज सांगणार आहे. तिच्यात आरोग्य अगदीच नाही असे नाही. पण ते शेवटी, आणि थोडेच.

साल १९९६. आम्ही तिघे मित्र नुकतेच भारतातून ब्रिटनमध्ये आलो होतो. तिघेही एम.बी.बी.एस., तिघेही पंचविशीतले, आणि तिघेही प्लॅब या परीक्षेच्या अभ्यासात बुडालेले. परदेशी डॉक्टरास या देशात काम करावयाचे तर सहसा ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागे. बेडफर्ड येथे एका रुग्णालयात आम्हांला विनावेतन निरीक्षक म्हणून उभे राहण्याची अनुमती मिळाली होती. राहण्यास दोन खोल्या आणि सामाईक स्वयंपाकघर होते. मित्रांची नावे मी घेत नाही. दोघेही आज प्रतिष्ठित वैद्य आहेत. एकाला आपण नागपूरकर म्हणू, दुसऱ्यास नांदेडकर. नागपूरकर स्वयंपाकात निष्णात होता, निदान तसे तो स्वतः सांगत असे. नांदेडकराकडे खजिना होता. एका पौंडाचे त्यावेळी साठाच्या आसपास रुपये होत, आणि प्रत्येक खरेदीचा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केल्यावाचून तो पाकिटाला हात लावू देत नसे. पाव घेतला तरी त्याच्या चेहऱ्यावर सोने विकत घेतल्याची वेदना दिसे.

शुक्रवार, ६ डिसेंबर रोजी आम्ही लंडनला गेलो. चॉक फार्म स्थानकावर उतरून विचारत विचारत किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरासमोर जाऊन उभे राहिलो. १९२१-२२ च्या सुमारास बाबासाहेब येथे राहत होते. आज ते घर आपले स्मारक आहे, महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. परंतु १९९६ मध्ये आम्ही केवळ रस्त्यावरून हात जोडू शकत होतो. तेथेच एक वयोवृद्ध पंजाबी गृहस्थ भेटले. जालंधरकडचे, बाबासाहेबांचे निस्सीम अनुयायी. बोलता बोलता कळले की तेही बेडफर्डचेच! साठच्या दशकात या देशात आले आणि स्ट्यूअर्टबीच्या विटांच्या कारखान्यात आयुष्य घालविले. परतीच्या गाडीत आम्ही एकत्र बसलो. त्यांना आम्ही चाचाजी म्हणू लागलो, ते आम्हांला 'डॉक्टर पुत्तर'. उतरताना नागपूरकराने भावनेच्या भरात त्यांना सपत्नीक, आणखी दोन मित्रांसह, रविवारी संध्याकाळी जेवावयास बोलाविले. "चाचाजी, माझ्या हातचा खिमा खाऊन पाहा," तो म्हणाला. नांदेडकराने माझ्याकडे पाहिले. गुणाकार सुरू झाला होता.

शनिवारी सायंकाळी आम्ही तिघे गावातील एका मोठ्या स्वयंसेवा भांडारात गेलो. त्या वर्षी या देशात मांस विकत घेणे ही साधी गोष्ट नव्हती. गाईंच्या मेंदूचा जो रोग 'मॅड काऊ' म्हणून सर्वतोमुखी झाला होता, त्याचा आणि माणसांतील एका नव्या प्राणघातक मेंदूविकाराचा संबंध असण्याची शक्यता आहे, असे ब्रिटिश सरकारने २० मार्च १९९६ रोजी संसदेत सांगितले होते. त्यानंतर आठवड्याभरात युरोपने ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली. आम्ही तर डॉक्टर. वर्तमानपत्रांपेक्षा आम्हांला अंमळ अधिकच भीती. गाईचा खिमा स्वस्त होता, पण तिकडे आम्ही पाहिले नाही. प्रश्न धर्माचा नव्हता, प्रिऑनचा होता. (त्याच प्रिऑनच्या शोधाबद्दल पुढच्याच वर्षी स्टॅन्ली प्रुसिनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.) मेंढीचा खिमा पाहिला, तर त्याची किंमत ऐकून नांदेडकर शीतकपाटाला टेकून उभा राहिला.

आणि तेवढ्यात मला त्या बरण्या दिसल्या. नाताळ जवळ आल्यामुळे दुकानाच्या मध्यभागी त्यांचा मोठा मनोरा रचला होता. काचेच्या बरण्या, आत तपकिरी-काळसर, चकचकीत, बारीक चिरलेला ऐवज, आणि वर ठळक अक्षरांत एकच शब्द : मिन्समीट. मिन्स म्हणजे खिमा, मीट म्हणजे मांस. इंग्रजी माध्यमातून वैद्यकाची पदवी घेतलेल्या तीन इसमांना याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज काय? झाकणावर हिरवी काटेरी पाने आणि लाल फळे यांचे चित्र होते. नागपूरकराने ती कोथिंबीर आणि मिरची असल्याचे जाहीर केले. किंमत सत्तर पेन्स. नांदेडकराच्या मुद्रेवर त्या देशात आल्यापासून प्रथमच स्मित उमटले. आम्ही तीन बरण्या घेतल्या.

येथे मला क्षणभर थांबावयाचे आहे. चार पावलांवर दुकानातील एक मुलगी फळ्यांवर माल लावीत होती. नांदेडकर मला म्हणाला, "एकदा तिला विचारू या का?" आणि मी म्हणालो, "नको." हे 'नको' कोठून आले, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. सोलापूर जिल्ह्यातील माझ्या गावी वाण्याच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. माझे आजोबा खालच्या पायरीच्याही खाली उभे राहत. नाणी पायरीवर ठेवीत, त्यांवर पाणी शिंपडले जाई, मगच ती उचलली जात. गुळाची पुडी वरून टाकली जाई. ती झेलता आली नाही तर मातीतून उचलावी लागे. माझ्या लहानपणी पाणी शिंपडणे थांबले होते; पुडी मात्र वरूनच येई. कोणता गूळ, कसा, असे विचारण्याची सोय नव्हती. 'घ्यायचा तर घे' हे उत्तर ठरलेले.

आणि येथे, या परक्या देशात, मी हातात सफरचंद घेत होतो, दाबून पाहत होतो, परत ठेवीत होतो. कोणी माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते! पहिले कित्येक आठवडे मी केवळ वस्तूंना हात लावण्यासाठी त्या दुकानात जात असे. मित्रांना मी हे कधी सांगितले नाही. बहुधा तेही त्याचसाठी येत असावेत. जेथे कोणाला विचारावे लागत नाही अशा दुकानात कोणाला तरी विचारणे मला जमेना. विचारले की समोरच्या माणसाची नजर बदलते, हे लहानपणी अंगात मुरलेले होते. असो.

रविवारी दुपारी तीन वाजता नागपूरकराने कांदा परतावयास घेतला. आले-लसूण झाले, आईने पाठविलेला मसाला पडला, आणि दोन बरण्या त्यात रित्या करण्यात आल्या. प्रथम दालचिनी, लवंग, जायफळ यांचा असा काही घमघमाट सुटला की नागपूरकर म्हणाला, "इंग्रजांनाही मसाला कळतो, बरे का!" पाच मिनिटांनी काळे मणी फुगून वर आले. "ही काळजाची बारीक फोड," त्याने निदान केले. दहा मिनिटांनी पातेल्याच्या बुडाशी पाक धरू लागला. पंधराव्या मिनिटाला पळीला नारिंगी सालीचा एक लांब तुकडा लागला. आम्ही तिघेही गप्प झालो. शरीररचनाशास्त्रात तिघेही उत्तीर्ण होतो. मेंढीच्या शरीरात असा अवयव नसतो, हे आम्हांस ठाऊक होते.

नांदेडकराने चव घेतली. "अरे, हा खिमा नाही," तो क्षीण स्वरात म्हणाला, "हा मोरंबा आहे. कांद्याचा आणि लसणाचा."

तेव्हा कोठे आम्ही बरणीची मागची बाजू वाचली. मनुका, बेदाणे, सफरचंद, साखर, पाकवलेल्या साली, मसाले आणि सूएट. शब्दकोश काढला. सूएट म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. मांसाचा कण नाही, आणि ज्या प्राण्याला घाबरून आम्ही मेंढीपर्यंत गेलो होतो, नेमकी त्याचीच चरबी पातेल्यात!

हा पदार्थ असा का, ते मी नंतर शोधले. पूर्वी या सारणात खरोखरच मांस असे. फळे, मसाले आणि मांस एकत्र शिजवून त्याची पाई करीत. शतकांच्या ओघात साखर वाढली, मांस कमी होत होत नाहीसे झाले. मागे राहिली ती चरबी आणि नाव. शिवाय जुन्या इंग्रजीत मीट हा शब्द सर्व प्रकारच्या अन्नासाठी वापरीत. हे सर्व आज मी आपणांस सहजपणे सांगतो आहे. त्या दुपारी मात्र भाषाशास्त्राने आमचे काही भागणार नव्हते. घड्याळात पावणेचार वाजले होते आणि पाच वाजता पाहुणे.

नांदेडकर धावत सुटला. परंतु या देशाच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे मोठी दुकाने रविवारी सहाच तास उघडी ठेवता येतात. तो पोहोचला तेव्हा चार वाजून गेले होते आणि दारे बंद झाली होती. २८० चौरस मीटरपर्यंतच्या लहान दुकानांना हे बंधन नाही, म्हणून आमची अब्रू बचावली. कोपऱ्यावर एका गुजराती गृहस्थांचे दुकान उघडे होते. तेथे मांस नव्हते. दोन डझन अंडी मिळाली. अंडी घेताना नांदेडकराने धीर करून विचारले, "भाई, ही मिन्समीट म्हणजे काय चीज असते?" ते गृहस्थ इतके हसले की त्यांनी अंड्यांवर दहा पेन्स सोडून दिले.

पाहुणे आले. अंड्यांचा रस्सा आणि भात वाढला. पण घरभर पसरलेला तो दालचिनीचा आणि लसणाचा वास लपविता येणे शक्य नव्हते. चाचाजींनी विचारले आणि आम्हांला सर्व कबूल करावे लागले. मान खाली घालून उभे होतो. तीन डॉक्टर! चाचाजी मोठ्याने हसले आणि म्हणाले, "पुत्तर, पातेले आणा इकडे." त्यांनी तो गोड खिमा भातावर घेऊन खाल्ला आणि पत्नीलाही वाढला. मग स्वतःची गोष्ट सांगितली. ते आले तेव्हा इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यांच्या गल्लीतील किराणा दुकान जुन्या पद्धतीचे. माल सर्व गल्ल्यामागे, हवे ते मागून घ्यावयाचे. अंडी हवी होती. चाचाजींनी दोन्ही हात काखेत धरून पंख फडफडविले आणि भर दुकानात कोंबडीसारखे आरवले. दुकानदारीण बाईने अंडी तर दिलीच, शिवाय इंग्रजी शब्द तीनदा म्हणवून घेतला.

"तुम्हांला लाज नाही वाटली?" मी विचारले.

ते म्हणाले, "वाटली ना. पण तिने अंडी माझ्या हातात दिली. वरून टाकली नाहीत." जालंधरकडेही पायऱ्या होत्या तर! त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चाचीजींनी आणखी भात मागितला.

आता कबूल केल्याप्रमाणे थोडेसे आरोग्य. माझ्या दवाखान्यात आजही आपले लोक येतात. मी औषध समजावून सांगतो, ते "हो, हो, डॉक्टरसाहेब" म्हणतात, मान डोलावतात आणि घरी जाऊन चूक करतात. गेल्या हिवाळ्यात एक काका अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्या पूर्ण मात्रेत घेत होते आणि जोडीला सर्दीसाठी गरम पाण्यात घालावयाची पूड. त्या पुडीतही पॅरासिटामॉलच असते; दोन्ही मिळून मात्रा यकृताला अपाय होण्याइतकी वाढू शकते. पुडीच्या मागे ते लिहिलेले होते. "औषधवाल्या मुलीला विचारले नाहीत का?" असे मी म्हणालो, आणि काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी ओळखली. मी त्यांना रागावलो नाही. बरण्यांची गोष्ट सांगितली. काका हसले, आणि मग खिशातून आणखी दोन औषधे काढून म्हणाले, "साहेब, मग हीही जरा वाचून सांगा."

राहता राहिली तिसरी बरणी. ती चाचाजींनी घरी नेली. त्यांची सूनबाई याच देशात शिकलेली होती, तिला तिचा उपयोग ठाऊक होता. नाताळच्या आदल्या दिवशी चाचाजी पत्र्याचा डबा घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आत बारा लहान पाई, वर पिठीसाखर भुरभुरलेली. नांदेडकराने त्या मोजल्या आणि प्रत्येकी चार असा हिशेब केला. नागपूरकराने आपल्या चारही उभ्या उभ्या संपविल्या, बोटे चाटली आणि गंभीरपणे म्हणाला, "चांगल्या आहेत, पण मसाला कमी पडला."

जय भीम.