पाचव्या महिन्याची सोनोग्राफी



दरवर्षी आम्हा सरकारी दवाखान्यातल्या मंडळींना प्रसादाची रांग सांभाळायला सांगतात. यंदा बोलायला उभं केलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

आम्ही क्ष-किरण विभागातले, डिप्लोमावाले. सोनोग्राफी डॉक्टर करतात; आम्ही एफ फॉर्म भरतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंची समजूत घालतो. मुलगा की मुलगी, हे सांगायला १९९४च्या कायद्याने बंदी आहे. पण १८ ते २० आठवड्यांची तपासणी त्यासाठी नसतेच. बाळाचा एकेक अवयव नीट आहे की नाही, हे त्यात बघतात.

फुप्फुसंही बघतात. पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं. सोनोग्राफीच्या लहरी हवेत अडतात, पाण्यातून आरपार जातात. म्हणून फुप्फुसातला दोष जन्माआधीच दिसू शकतो. एखादा भाग जास्त पांढरा दिसतो, त्यात पाण्याचे फोड असतात, हृदय एका बाजूला ढकललेलं असतं. कधी छाती-पोटामधल्या पडद्याला भोक असतं आणि जठरच छातीत येतं. तो प्रकार वेगळा आणि जास्त अवघड.

तीनेक वर्षांपूर्वी ओळखीतल्या घरची सून आली. डाव्या फुप्फुसात फोड दिसले. घरचे लगेच म्हणाले, पाडून टाकू. डॉक्टरांनी बसवून घेतलं. फोडांचं माप काढलं, महाधमनीतून त्या भागाला वेगळी रक्तवाहिनी येते का ते रंगीत डॉप्लरवर पाहिलं. बाळाच्या छातीत-पोटात पाणी साठलेलं नव्हतं. असं असेल तर बहुतेक बाळं वाचतात, म्हणाले. हे फोड साधारण २८ आठवड्यांपर्यंत वाढतात, मग पुष्कळदा मागे पडतात. झालंही तसंच. ३२व्या आठवड्यात काही दिसेना.

आणि इथे आम्ही चुकलो. बाकावर बोलून गेलो, "गेलं हो ते!"

दिसत नाही म्हणजे गेलं, असं नसतं. जन्मानंतर एक्स-रे साफ आला तरी काही महिन्यांनी सीटी स्कॅन करायचा असतो. डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलंही होतं, पण घरच्यांनी आमचा शब्द धरला. आठव्या महिन्यात बाळाला न्यूमोनिया झाला, तेव्हा सीटीत तो भाग तिथेच सापडला. ऑपरेशन करून काढावा लागला.

गेल्या अनंत चतुर्दशीला तोच पोरगा बापाच्या खांद्यावर बसून झांक्या बघत होता. आई आमच्याशी चांगलं बोलली. आम्हालाच वर बघवेना.

आता सीटीची तारीख आम्ही फाइलवर लाल शाईने लिहून देतो, आणि सासूबाईंकडून मोठ्याने वाचून घेतो.