दोघांपुरतें पक्वान्न

मराठी घरांत पक्वान्न होतें तें बहुधा कोणाच्या तरी निमित्तानें. सण असतो, जांवई यायचा असतो, मुलांची परीक्षा संपलेली असते. पुरण शिजायला पडतें तें आठदहा पानांच्या हिशोबानें; श्रीखंडासाठीं चक्का टांगला जातो तो शेजारच्या घरांची आठवण ठेवून. हें मोठें माप गृहिणीच्या हाताला इतकें सरावाचें झालेलें असतें कीं, त्याहून लहान माप असूं शकतें हें तिला कोणी शिकविलेलेंच नसतें. आणि मग एके दिवशीं घरांत दोनच पानें मांडायचीं उरतात.

गोंदियाचें उदाहरण घ्यावें. भाताच्या गिरण्यांचें आणि मोठ्या रेल्वे जंक्शनाचें हें गांव पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत होतें; १९९९ सालीं तें स्वतंत्र जिल्ह्याचें ठिकाण झालें. मुंबईकडे जाणारी विदर्भ एक्सप्रेस येथूनच सुटते आणि पुण्यावरून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेसही येथूनच सुटते. या दोन गाड्यांनीं गांवांतील किती मुलामुलींना शिक्षणासाठीं आणि नोकरीसाठीं दूर नेलें असेल, याची मोजदाद कोण करणार? गाडी हालते, फलाटावर उभीं असलेलीं दोघें कांहीं वेळ तशींच उभीं राहतात आणि मग घरीं येऊन देवाजवळ दिवा लावतात. दुसऱ्या दिवसापासून डाळ निम्मी, तांदूळ निम्मे. कांहीं आठवडे गेल्यावर यजमान सहज म्हणून जातात, “पुष्कळ दिवसांत गोड असं कांहीं झालं नाहीं.” त्यावरचें उत्तर घरोघरीं ठरलेलें आहे: “अहो, दोघांपुरतं काय करायचं?”

या उत्तरांत दोन निराळ्या अडचणी एकत्र गुंतल्या आहेत. एक हिशोबाची. थोडें करावें तर तें नीट साधत नाहीं, पुष्कळ करावें तर उरतें, आणि उरलेलें गोड तीन दिवस संपवीत बसणें उतारवयांत प्रकृतीला मानवत नाहीं. दुसरी अडचण मनाची. केवळ आपल्या दोघांसाठीं एवढा खटाटोप करणें ही उगीच चैन होय, असें वाटतें. नव्यानें संसार मांडलेल्या, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतल्या जोडप्याचीही पहिली अडचण हीच असते. ती स्वयंपाकघरांत सुटण्यासारखी आहे. आणि ती सुटली म्हणजे दुसरीही पुष्कळशी सैल होते. या कामीं परदेशांतील एक साधें पक्वान्न फार उपयोगी पडतें. त्याचें नांव कॉबलर.

कॉबलर म्हणजे खालीं फळांच्या फोडी, वर मऊसर पिठाचे लहान गोळे, आणि हें सारें एकाच भांड्यांत भाजलेलें. लाटणें नाहीं, पारी नाहीं, पाक नाहीं. याचा जन्म अमेरिकेंतला. इंग्लंडांतून तेथें जाऊन राहिलेल्या लोकांना मायदेशच्या पाय आणि पुडिंगांची आठवण होई. पण वस्तीच्या नव्या जागीं भट्टी नव्हती आणि साहित्यही पुरें नव्हतें. जवळ होतें तें एक जाड बिडाचें भांडें. त्यांत मिळेल तें फळ घालावें, वर कणकेचे गोळे सोडावे, खालीं निखारे आणि झांकणावरही निखारे ठेवावे. अशा रीतीनें गरजेंतून हा पदार्थ आकाराला आला. लेटिस ब्रायन या बाईंचें ‘द केंटकी हाउसवाइफ’ हें पाकशास्त्राचें पुस्तक १८३९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत पीच फळांच्या कॉबलरची कृति आहे, आणि ती सांगतांना लेखिकेनें मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं, थाटाच्या मेजवानींत पाहुण्यांपुढें ठेवण्याची ही वस्तु नव्हे. घरच्या माणसांनीं थंड दुधाबरोबर खाण्यास मात्र ती उत्तम आहे. पाहुण्यांसाठीं नव्हे, घरच्यांसाठीं! दोघांपुरतें काय करायचें, असें विचारणाऱ्या घराला याहून योग्य पक्वान्न कोणतें सांपडणार?

वरखालीं निखारे ठेवून भाजण्याची ही युक्ति मराठी माणसाला परकी वाटण्याचें कारण नाहीं. कोंकणांतील काकडीचें धोंडस असेंच झांकणावर निखारे ठेवून भाजीत असत. विदर्भांत तर पळसाच्या पानांत घातलेले पानगे आणि गोवऱ्यांच्या आरांत भाजलेले रोडगे अद्यापि आवडीनें खाल्ले जातात. तेव्हां भट्टी नसतांना भट्टीचें काम करून घेणें हें ज्ञान आपल्या आजींपाशीं होतेंच. नवें आहे तें एवढेंच कीं, फळ आणि पीठ एकाच भांड्यांत, एकमेकांच्या वाफेवर तयार व्हावयाचें.

आतां फळांचा विचार. मे महिन्यांत आंबा. रसाचा गावठी आंबा येथें घेऊं नये. तो रस काढण्यासच चांगला. दशेरी किंवा लंगडा असा घट्ट गराचा, किंचित् आंबटसर असतांनाच चिरलेला आंबा घ्यावा. पावसाच्या आरंभीं जांभळें येतात. बिया काढून त्यांचा गर वापरला तर रंग गर्द जांभळा येतो. मात्र तुरटपणा मोडण्यासाठीं साखर दुप्पट लागते. थंडींत पेरू उत्तम, परंतु मधला बियांचा भाग काढून टाकावा आणि फोडी चमचाभर पाण्यांत अगोदर वाफवून घ्याव्या. सीताफळ मात्र भाजण्याच्या भरीस पडूं नये. आंच लागली कीं त्याचा गर कडवट होतो. त्याचा उपयोग निराळा आहे. थंड दुधांत गर कालवून तो पेरूच्या गरम कॉबलरवर घालावा. दोन्ही फळें एकमेकांना शोभतात. आणि गोंदियाच्या जंगलांतील चारोळी वर भुरभुरविण्यास हाताशीं आहेच.

दोन माणसांचें माप असें. फळाच्या फोडी २५० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे दोन आंबे. साखर एक मोठा चमचा, लिंबाचा रस अर्धा लहान चमचा, आणि रस दाट होण्यासाठीं तांदळाची पिठी एक लहान चमचा. वरच्या गोळ्यांसाठीं मैदा ४० ग्रॅम, तांदळाची पिठी २० ग्रॅम, साखर दोन लहान चमचे, बेकिंग पावडर पाऊण लहान चमचा, मीठ चिमूटभर, लोणी किंवा थिजलेलें तूप २० ग्रॅम, आणि थंड दूध सुमारें ४० मिलिलिटर. अंडें लागत नाहीं. पिठांतील तिसरा हिस्सा तांदळाचा असावा, ही केवळ तांदळाच्या गांवाची भीड नव्हे. गव्हाच्या पिठांत पाणी पडून तें मळलें गेलें म्हणजे त्यांत चिवटपणा धरतो. पोळीला तो हवा असतो, येथें नको असतो. तांदळाच्या पिठींत हा चिवटपणा उत्पन्न होत नाहीं. म्हणून तिच्या मिश्रणानें वरचा थर खुसखुशीत होतो.

भांडें लहान हवें. सुमारें १२ ते १३ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल. येथेंच पुष्कळांची चूक होते. साहित्य निम्मे करतात, पण भांडें तेंच मोठें ठेवतात. मग फळाचा थर पातळ पसरतो, रस कडेला आटून करपतो आणि पीठ कोरडें पडतें. माप कमी केलें तर भांडेंही कमी केलें पाहिजे, म्हणजे थराची खोली तीच राहते. आणि खोली तीच राहिली म्हणजे भाजण्याचा वेळही फारसा कमी होत नाहीं. चौघांच्या पदार्थाला ३५ मिनिटें लागत असतील, तर दोघांच्या पदार्थाला १७ मिनिटें पुरतील, असा त्रैराशिकाचा हिशोब स्वयंपाकघरांत चालत नाहीं.

ओव्हन १९० अंश सेल्सिअसवर तापवून ठेवावा. फोडींना साखर, लिंबू आणि पिठी चोळून त्या भांड्यांत घालाव्या आणि दहा मिनिटें तशाच तापूं द्याव्या. ही पायरी गाळूं नये. फळ गार असतांना वर पीठ घातलें, तर वरून तें लाल होतें आणि खालून कच्चें राहतें. तेवढ्या वेळांत मैदा, पिठी, साखर, मीठ आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्यावी आणि त्यांत थंड लोणी बोटांच्या टोकांनीं चोळावें. वैशाखांत गोंदियाचा पारा चाळिशीच्या पुढें असतो. तळहाताच्या उष्णतेनें लोणी वितळून जातें. म्हणून त्या दिवसांत लोणी आणि वाडगा दोन्ही अगोदर शीतकपाटांत ठेवावीं. शेवटीं दूध घालून काट्यानें दहाबारा वेळां ढवळावें आणि थांबावें. मिश्रण ओबडधोबड दिसलें तरी चालेल. तें गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा. बेकिंग पावडरींत सोडा आणि आम्ल दोन्ही असतात. ओलावा लागतांच त्यांतून वायु सुटूं लागतो आणि तोच पीठ फुलवितो. म्हणून कालविलेलें पीठ वाट पाहत ठेवूं नये. तापलेल्या फळावर चमच्यानें सहा ठिकाणीं गोळे सोडावे, मध्यें फटी ठेवाव्या, आणि वर चारोळी घालावी. फटींतून वाफ बाहेर पडते आणि रस वर येऊन कडेला चकाकूं लागतो. २५ ते ३० मिनिटांनीं गोळ्यांत काडी घालून पाहावी. ती कोरडी निघाली आणि रस बुडबुडे देत असला कीं पदार्थ झाला.

ओव्हन घरांत नसला तरी अडत नाहीं. जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें जाड मीठ किंवा वाळू पसरावी, त्यावर कडें ठेवावें, झांकण घालून मध्यम आंचेवर दहा मिनिटें तापवावें आणि मग आंतल्या कड्यावर फळाचें भांडें ठेवावें. कुकर वापरावयाचा असल्यास शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवावीं, कारण आंत पाणी नसतें आणि दाब धरावयाचा नसतो. असें भाजतांना वेळ ४० मिनिटांपर्यंत लागतो. सारी उष्णता खालून येत असल्यानें वरचा रंग फिका राहतो. त्यावर उपाय आजींचाच. शेजारच्या शेगडीवर लोखंडी तवा चांगला लाल तापवावा आणि शेवटचीं पांच मिनिटें तो सांडशीनें उचलून पातेल्यावर झांकणाऐवजीं ठेवावा. निखाऱ्यांचें काम तवा करतो.

भांडें बाहेर काढल्यावर लगेच वाढूं नये. पंधरा मिनिटें गेलीं म्हणजे रस दाटतो आणि जिभेला पोळत नाहीं. मग दोन वाट्या घ्याव्या, थंड दूध किंवा साय जवळ ठेवावी, आणि भांडें तेथेंच रिकामें करावें. उरणें नाहीं, शिळें नाहीं, शेजारीं पाठविण्याची लगबग नाहीं. रक्तांतील साखर सांभाळावी लागत असेल त्या घरांत गोड शेवटीं गोडच आहे, हें विसरूं नये. परंतु समोर दोनच वाट्या असल्या म्हणजे प्रमाण पाळणें सोपें जातें. डबाभर लाडू फळीवर असतांना तें इतकें सोपें नसतें.

राहतां राहिली मनाची अडचण. आपल्या संस्कारांत अतिथीला मोठें स्थान आहे आणि तें योग्यच आहे. मात्र त्याच्या सावलींत एक गोष्ट हळूच घडून गेली. ज्या दोघांनीं तीस वर्षें साऱ्यांचीं पानें वाढलीं, त्यांचें स्वतःचें पान कोणत्याच पक्वान्नाचें निमित्त ठरेनासें झालें. मुलें दिवाळींत येतील तेव्हां करूं, असें म्हणत आंब्याचा हंगाम जातो, जांभळांचा जातो, पेरूंचाही जातो. मुलें येतात तीं चार दिवसांसाठीं; उरलेले दिवस त्या दोघांचेच असतात, आणि संसाराचा पुष्कळसा भाग त्याच दिवसांचा बनलेला असतो.

म्हणून गोंदियाच्या एखाद्या घरांत मे महिन्याच्या संध्याकाळीं, मुंबईची गाडी गेल्यानंतर, कोणी दोन आंबे चिरावयास घेतले, तर त्यांत चैन कांहींच नाहीं. एकानें फोडी कराव्या, दुसऱ्यानें लोणी चोळावें. काम एवढें थोडें आहे कीं, तें वांटून घेतलें तर बोलण्यास वेळ उरतो. “दोघांपुरतं काय करायचं?” या प्रश्नाला मग भांड्यांतून येणारा वासच उत्तर देतो. आणि दिवाळींत मुलें घरीं आलीं आणि त्यांनीं हाच पदार्थ मागितला, तर चौघांचें माप काढणें मुळींच कठीण नाहीं. दोन लहान भांडीं शेजारीं शेजारीं ठेवावीं, म्हणजे झालें.