एसटीत राहिलेला पेन ड्राइव्ह



मी भोर तालुक्यातल्या उत्रोलीचा. पुण्याच्या एका महाविद्यालयात, कार्यालयात नोकरी केली. दर शनिवारी स्वारगेटहून भोरची एसटी धरायची, असा नेम. एका शनिवारी शिष्यवृत्तीची यादी घरी पुरी करावी म्हणून पेन ड्राइव्हमध्ये घेतली. नावं, जन्मतारखा, जातीचे दाखले, बँकेचे खाते क्रमांक, सगळं त्यात. घरी येऊन खिसा चाचपला, तर पेन ड्राइव्ह नाही! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी भोरच्या आगारात गेलो. वाहकानं तो जमा केला होता. मी देवाला हात जोडले आणि कुणाला काही बोललो नाही.

आज ते मौनच जास्त टोचतं. वही चोरीला गेली की कपाटातली जागा रिकामी दिसते. संगणकावरच्या माहितीची नक्कल कुणी केली, तर मूळ जिथल्या तिथंच राहतं. त्या रात्री कुणी तो पेन ड्राइव्ह उघडला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. ज्या मुलांची ती माहिती होती, त्यांना सावध करणं माझं काम होतं. ते मी केलं नाही.

एप्रिल 2023 मध्ये लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची 90 हजारांहून अधिक प्रवेशपत्रं टेलिग्रामवर फुटली. परीक्षा आठवड्यावर आलेली. पुण्यात खोली घेऊन अभ्यास करणाऱ्या मुलांच्या जिवाची घालमेल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती फुटली तर ज्याची आहे त्याला कळवावं, असं तो सांगतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत.

पण कायद्याआधी आपली सवय बदलायला हवी. लागेल तेवढीच माहिती सोबत घ्या. खाते क्रमांक नको असेल तर तो रकानाच काढा. पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉपला कुलूप लावा. विंडोजच्या काही आवृत्त्यांत त्यासाठी बिटलॉकर असतं. नुसता सुरुवातीचा पासवर्ड पुरत नाही, कारण डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. मोबाइलला पिन ठेवा, ई-मेलला दुहेरी पडताळणी लावा. विद्यार्थ्यांच्या याद्या व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरलात, तर निघताना लॉगआउट करा आणि तिथं उतरवलेली आधारची प्रत पुसून टाका. पैशाची फसवणूक झालीच, तर लगेच 1930 ला फोन करा.

आणि चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. रागावणारे रागावतील, पण पोरं वेळेवर सावध होतील. कुणाच्या तरी आईबापांनी विश्वासानं दिलेले कागद आहेत ते. आपण फक्त राखणदार.